ठ, खाली दोन रेघा

चित्रकलेशी माझं कधीच जमलं नाही. शाळेत मोर काढला तर सर विचारायचे, कोंबडी का काढलीस. कळंबोलीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसून कुठल्या ट्रकमधून काय गेलं ते कॉम्प्युटरवर चढवणं, हे माझं काम. त्यामुळे सत्तेचाळिसाव्या वर्षी मी फोनवर व्हिडिओ लावून ग्राफिटीची अक्षरं गिरवायला बसलो, तेव्हा बायको हसली. तिचं हसणं बरोबरच होतं. पण मला हौस म्हणून शिकायचं नव्हतं. मला आबांना घरी आणायचं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडून तरुणपणी आले आणि वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोण्या वाहण्यात त्यांचं आयुष्य गेलं. दुसरीपर्यंत शिकलेले. अक्षर लावून लावून वाचायचे, तेही मूड असला तर. आई गेल्यावर मी त्यांना कामोठ्याला माझ्याकडे आणलं. तळमजल्याचा फ्लॅट, जिना नको, लिफ्ट नको. वाटलं, झालं, आता म्हातारा सुखात राहील.

वर्षभरात ते विसरायला लागले. आधी चहात दोनदा साखर. मग आईला हाका. मग एक दिवस शेजारच्या बिल्डिंगमधल्या बाईंचा फोन आला की तुमचे बाबा आमच्या सोफ्यावर बसलेत आणि चहा मागतायत. बिचारीने चहा दिला होता. त्यात आबांची तरी काय चूक. आमच्या सेक्टरमधल्या सगळ्या बिल्डिंगा एकाच साच्यातल्या, चार मजली, खाली तपकिरी, वर पिवळट, गेटसुद्धा तसलंच. मी स्वतः नवीन होतो तेव्हा दोनदा दुसऱ्याच्या दाराला चावी लावली आहे. पण मला नंबर वाचता येतो. आबांच्या लेखी आता नंबर म्हणजे नुसते किडे.

तिसऱ्यांदा वाट चुकले तेव्हा ते मानसरोवर स्टेशनच्या जिन्यावर सापडले, तीन तासांनी. त्या दिवशी घाबरून मी सेफ्टी डोअरला बाहेरून कुलूप लावायला सुरुवात केली. आठ दिवस लावलं. आबा गज धरून उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचे, "बाळा, एवढं दार उघड." जेवण कमी झालं. रात्रंदिवस येरझाऱ्या. आठव्या दिवशी मी ऑफिसातून आलो, कुलूप काढलं, तर त्यांनी मला हात जोडले आणि म्हणाले, "मालक, मला सोडा."

मालक. स्वतःच्या पोराला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. फिरू द्या, चालणारं शरीर आहे, कोंडलंत तर दोन महिन्यांत अंथरूण धरतील. सांगायला काय जातं. फिरू द्या, पण परत कसे येणार? बायकोने त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आतून फडक्यावर फोन नंबर शिवला. आबांनी नखाने टाके उसवले आणि फडकं तिच्या हातात दिलं. "मी काय गोणी हाय व्हय, मार्का माराया?"

ती खजील झाली, पण मला त्यातून सुचलं. मी विचारलं, "आबा, मार्केटात हजार गोण्या असायच्या. कुठली कुठल्या गाळ्यावर न्यायची, तुम्हाला कसं कळायचं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच येडा. "मार्का बघायचा आन् चालायचं. इचारायचं कशापायी?"

"तुमच्या गाळ्याचा मार्का काय होता?"

आदल्या दिवशी जेवले की नाही ते ज्यांना आठवत नव्हतं, त्यांनी चहात बोट बुडवलं आणि टेबलावर एक ठ काढला. गोल, मोठा, न थांबता. त्याच्या खाली दोन रेघा. "ठ दोन रेघ," ते म्हणाले. "आपला गाळा."

गेटशेजारची कंपाउंडची भिंत आमच्या सोसायटीचं दुखणं होती. लोक तिथे थुंकायचे, आणि थुंकण्यापेक्षाही वाईट करायचे. देवांच्या टाइल्स लावायचं ठरलं होतं, पण कुठले देव यावरून मिटिंगमध्ये भांडण झालं आणि भिंत तशीच राहिली. मी सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, "काय काढायचं ते काढा, फक्त कुठला पक्ष नको."

पेंटरला बोलावता आलं असतं. पण त्याला काय सांगणार, माझ्या वडिलांसाठी ठ काढ? मला लाज वाटली, खरं तेच सांगतो. मग फोनवर शोधलं की भिंतीवर लांबून दिसेल असं अक्षर कसं काढायचं, आणि निघाली ही ग्राफिटी. जाड, फुगलेली अक्षरं, बाहेरून काळी कड. मला तेच हवं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही आबांना बारीक दिसत नव्हतं.

चौकटीची वही आणली. व्हिडिओमधला पोरगा सांगायचा की आधी पेन्सिलीने अक्षराचा सांगाडा काढा, साधा, शाळेतल्यासारखा. मग त्याच्या चहूबाजूंनी सारखं अंतर सोडून जाड करत जा, आणि शेवटी सांगाडा खोडा. ऐकायला सोपं. माझा ठ एका बाजूने फुगायचा, दुसरीकडे उपाशी राहायचा. शिवाय सगळे व्हिडिओ इंग्रजी अक्षरांचे, त्यांना डोक्यावर रेघ नाही. ती जाड केली की ठच्या डोक्यावर पाट ठेवल्यासारखं दिसायचं. सावली एकाच बाजूला पाडायची असते, मी दोन्हीकडे पाडली. बायको म्हणाली, "दोन सूर्य उगवले वाटतं."

पनवेलहून स्प्रेचे डबे आणले, गाड्यांच्या पत्र्याला मारतात तसले. गॅलरीत पेपर टांगून सराव केला. डबा जवळ धरला की रंग ओघळतो, लांब धरला की नुसता धुरळा. वाळत टाकलेल्या तिच्या साडीवर काळे ठिपके उडाले. त्या दिवशी तिने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. पण साडी तिने फेकली नाही, घरात नेसायला ठेवली.

एका रविवारी सकाळी भिंतीला पांढरा हात मारला आणि दुपारपर्यंत ठ काढला. आत पिवळा, कड काळी, खाली दोन काळ्या रेघा. पोटाच्या डाव्या बाजूने रंग ओघळला होता. वरची रेघ एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. गेटवर खेळणारी पोरं म्हणाली, "काका, अंडं काढलं का?"

मी आबांना कोपऱ्यापर्यंत नेलं आणि हात सोडला. ते दोन-चार पावलं चालले, मान वर केली, थांबले. मग म्हणाले, "आला की गाळा," आणि सरळ गेटातून आत गेले.

त्यानंतरचे पाच महिने आमच्या घरातले चांगले महिने होते. कुलूप गेलं. आबा सकाळी नऊला निघायचे, मैदानाला फेरी, भाजीवाल्यांपाशी थांबून कांदा हातात घेऊन बघायचे, आणि तासाभरात परत. संध्याकाळी पुन्हा. जेवायला लागले. एकदा मी रजा घेऊन त्यांच्या मागे लपत लपत गेलो. कोपरा वळले की त्यांची नजर वर जायची, भिंत दिसायची आणि चाल बदलायची. पाय झपझप पडायचे आणि एक हात मानेमागे जायचा, ओझं नीट करायला. समोर झाडाखाली इस्त्रीवाला बसतो, परभणीकडचा. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की तो मला सांगायचा, "बाबा आले बरोबर."

इथेच थांबायला हवं होतं. पण माझा स्वभाव वाकडा. मला रोज जाता-येता तो ओघळ दिसायचा. कुणी हसलं नाही तरी मला वाटायचं हसतायत. ऑफिसातला एक जण घरी आला होता, गेटवर थांबून म्हणाला, "हे तू काढलंस? अरे, पोराटोरांनी काढल्यासारखं वाटतं." मी हसण्यावारी नेलं, पण रात्री झोप आली नाही. बाकी आयुष्यात मी काय केलं होतं? दुसऱ्यांच्या ट्रकच्या नोंदी. हे एक स्वतःच्या हाताने केलं, आणि ते अंडं.

मी पुन्हा वही उघडली. सीवूड्सला, नेरुळला जाऊन रंगवलेल्या भिंतींचे फोटो काढून आणले. आता साधं फुगीर अक्षर मला बाळबोध वाटायला लागलं. पुढचा प्रकार असतो, त्यात अक्षराचे हातपाय एकमेकांत अडकवतात, टोकांना बाण काढतात, तुकडे करून पुन्हा जोडतात. ज्याला येतं त्यालाच ते वाचता येतं, आणि त्यातच त्याची शान असते म्हणे. तो व्हिडिओतला पोरगा पुन्हा पुन्हा सांगत होता की नवशिक्यांनी याच्या वाटेला जाऊ नका, आधी वर्षभर साधी अक्षरं काढा. मी त्याला पुढे सरकवून दिलं. हे सगळं आबांसाठी चाललं होतं का? तेव्हा विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो. नव्हतं. माझ्यासाठी चाललं होतं.

मे महिन्यात सोसायटीने कंपाउंड रंगवायला काढलं. सेक्रेटरी म्हणाले, तुमचा भाग तुम्ही करा. बायकोने वही बघितली आणि विचारलं, "आबांना कळेल का हे?"

मी चिडलो. "ठ आहे ना त्यात? दोन रेघा आहेत ना? मग? मला शिकवू नकोस."

तिने वही मिटून माझ्या हातात दिली. 

दोन रविवार लागले. पहिल्या रविवारी मधला गोल आणि कड केली, पण जुना ठ खालून अर्धा दिसत होता, त्यामुळे त्या आठवड्यात आबा बरोबर येत राहिले. मला वाटलं, बघ, कळतंय. दुसऱ्या रविवारी मी सगळं भरून टाकलं. नारिंगी, निळा, जांभळा. ठचं पोट तीन तुकड्यांत फोडून पुन्हा गुंफलेलं, वरची रेघ बाणासारखी गेटच्या दिशेने गेलेली, दोन रेघांच्या फिती करून अक्षराभोवती गुंडाळलेल्या. सावली एकाच बाजूला. एक ओघळ नाही. लोक थांबून बघायला लागले. कॉलेजच्या मुलींनी फोटो काढले. सेक्रेटरींनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "कलाकार निघालात की." मी आतून फुगलो होतो.

संध्याकाळी आबांना हाताला धरून आणलं. "कसं झालंय, आबा?"

त्यांनी बराच वेळ बघितलं. "झ्याक हाय," म्हणाले. "कुनाचं हाय ह्ये?"

"आपलंच, आबा."

"बरं, बरं," ते म्हणाले. परक्या माणसाचं मन राखायला म्हणतात तसं. मी हसलो आणि बायकोला सांगितलं, आबा विचारतायत कुणाचं आहे. ती हसली नाही.

सोमवारी सकाळी नऊला आबा नेहमीसारखे निघाले. अकराला बायकोचा फोन आला, अजून आले नाहीत. मी म्हटलं, येतील. बाराला ती रडत होती. मी ऑफिसातून निघालो. मैदान, भाजीवाले, स्टेशनचा जिना, तलाव, सगळं बघितलं. इस्त्रीवाल्याला विचारलं तर त्याने हायवेच्या बाजूला हात केला, "तिकडं गेले." एवढंच म्हणाला आणि खाली बघून कपड्यावर पाणी मारत राहिला. ऊन असं होतं की मोटरसायकलच्या सीटवर बसवत नव्हतं. पोलिसांत फोटो दिला. हवालदाराने विचारलं, अंगावर काही खूण, चिठ्ठी, नंबर? मी नाही म्हटलं.

साडेचारला ते सापडले. कळंबोलीला, ट्रक उभे राहतात तिथे, एका ट्रकच्या सावलीत पडलेले. माझ्या ऑफिसपासून पाच मिनिटांवर. मी त्यांना कामोठ्यात शोधत होतो तेव्हा ते माझ्या ऑफिसच्या मागे फिरत होते. ड्रायव्हरने पाणी मारलं होतं, पण ते पीत नव्हते. तो म्हणाला, बाबा दुपारपासून एकेका ट्रकच्या मागे जाऊन गोण्या बघत होते. हात लावून बघायचे, मान हलवायचे आणि पुढच्या ट्रककडे जायचे. विचारलं तर बोलायचे नाहीत. अंग तव्यासारखं तापलं होतं. पायात एकच चप्पल होती.

हॉस्पिटलमध्ये चार दिवस होते. ताप उतरला, पण आबा भानावर आले नाहीत. डोळे उघडे असायचे आणि कुणावरच थांबायचे नाहीत. मी नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं. काही नाही. तिसऱ्या दिवशी मी औषधाच्या कागदी पिशवीवर बॉलपेनने एक ठ काढला. साधा, सांगाडा नुसता. खाली दोन रेघा. त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

डोळे थांबले. बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. खांदा जरासा उशीवरून उचलला, एका अंगाला वळायला बघत होते, पाठ माझ्याकडे करायला. मला आधी कळेना. मग ओठ हलले. "हितंच उतरवा," ते म्हणाले.

मी हात त्यांच्या पाठीमागे घातला आणि काहीतरी उचलून खाली ठेवल्यासारखं केलं. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले.

लोक आले, बसले, म्हणाले, सुटले बिचारे. या आजारात असंच होतं. तुम्ही किती केलंत हो त्यांच्यासाठी, हल्ली कोण करतं. मी मान हलवत होतो. सेक्रेटरी म्हणाले, गेटवरचं ते आता कधीच पुसायचं नाही, आबांची आठवण म्हणून राहू द्या. बायको पाणी द्यायला आली होती, तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत गेली. ती मला एका शब्दाने बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेरावं झाल्यावर ऑफिसला जायचं म्हणून शर्ट घेऊन इस्त्रीवाल्याकडे गेलो. त्याने शर्ट घेतले, मोजले नाहीत, बाजूला ठेवले. म्हणाला, "दादा, एक सांगायचंय. त्या दिवशी सांगायची हिंमत झाली नाही."

मी थांबलो.

"बाबा त्या दिवशी परत आले होते. वेळेवर आले होते. तीन वेळा तुमच्या गेटपाशी गेले, भिंतीसमोर उभे राहिले, हात लावून बघितला, आणि मागे फिरले. मग माझ्याकडे आले. मला म्हणाले, ठ दोन रेघ कुठं गेला? मला काही कळलं नाही. वाटलं, कुठलं दुकान विचारतायत. माझ्याकडं गिऱ्हाईक होतं. मी म्हटलं, इथं नाही बाबा, पुढं बघा." त्याने इस्त्री उचलून उभी ठेवली. त्याचे डोळे भरले होते. "मीच पुढं पाठवलं त्यांना. हाताला धरून आत सोडायचं, तर पुढं पाठवलं. मला झोप लागत नाही, दादा."

त्याच्या मागे, रस्त्याच्या पलीकडे, माझी भिंत होती. दोन पोरी तिच्यासमोर उभ्या राहून फोटो काढत होत्या. माझ्या तोंडाशी आलं होतं की तू पाठवलं नाहीस, खूण मी पुसली. एवढंच सांगायचं होतं. एका वाक्यात त्या माणसाच्या डोक्यावरचं उतरलं असतं.

मी म्हणालो, "तुमचा काय दोष? आजारच तसा होता."

त्याने मान हलवली, पण त्याला ते पटलं नव्हतं. हल्ली कुठलाही म्हातारा माणूस रस्त्यात जरा घुटमळला तरी तो इस्त्री टाकून उठतो, कुठं जायचंय विचारतो आणि गेटपर्यंत सोडून येतो. मी गॅलरीतून बघतो. त्याला मी अजून सांगितलेलं नाही. माझे शर्ट आता बायको नेऊन देते.